तबकडी, ओटी आणि आपले कान

एका वाचकाने पत्रातून विचारले आहे, "डॉक्टर, आमच्या वडिलांचे वय चौऱ्याहत्तर. टीव्हीचा आवाज एवढा ठेवतात की शेजारी तक्रार करतात. पण आम्ही जरा मोठ्याने बोललो की म्हणतात, 'ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?' हा हट्टीपणा समजायचा की आजार?"

हा प्रश्न एका घरचा नाही. आपल्या किनारपट्टीवर ज्या घरात म्हातारे माणूस आहे त्या जवळजवळ प्रत्येक घरचा आहे. उत्तर द्यायला मी जरा लांबच्या वाटेने येणार आहे. कारण या गोष्टीचा उलगडा मला पाठ्यपुस्तकापेक्षा म्हसळ्यातल्या एका ओटीवर जास्त चांगला पाहायला मिळाला.

आमच्याकडे पाच-सात ज्येष्ठ मंडळी महिन्यातल्या एका रविवारी, दुपारची वामकुक्षी आटोपली की एका जुन्या कौलारू घराच्या ओटीवर जमतात आणि तबकड्या ऐकतात. तबकड्या म्हणजे रेकॉर्डी. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, भाषण तर नाहीच. चहा यजमानांचा, पोहे ज्याची पाळी असेल त्याच्या घरचे. कोणाचा मुलगा डोंबिवलीला, कोणाचे दोघे कुवेतला. काही रेकॉर्डी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी पन्नास वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेल्या, काही मुंबईच्या चोरबाजारातल्या. एक चाचा आपल्या पेटीतून कव्वालीच्या रेकॉर्डी काढतात. युसूफ आझाद आणि शकीला बानो भोपाली हे त्यांचे दैवत. मीही अधूनमधून जातो. डॉक्टर म्हणून नाही, श्रोता म्हणून. पण वैद्यकीच्या सवयीमुळे नजर जाते तिथे जातेच.

नव्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जुनी तबकडी लाखेची. मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजणारी. तेवढ्यात ख्याल बसवायचा म्हणजे गवयाची कसोटीच. १९४८ साली अमेरिकेत लाँगप्ले तबकडी आली. ही व्हायनिल नावाच्या प्लास्टिकची, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणे. मग एकच विषय घेऊन पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग गुंफलेली तबकडी काढणे शक्य झाले. त्याला इंग्रजीत कन्सेप्ट अल्बम म्हणतात. बीटल्स मंडळींची १९६७ सालची 'सार्जंट पेपर' ही तबकडी त्यासाठी जगभर गाजली. आपल्याला मात्र या कल्पनेचे एवढे अप्रूप वाटायचे कारण नाही. पूर्वरंग-उत्तररंग मांडून रात्रभर एकच आख्यान लावणारे कीर्तनकार आपल्याकडे केव्हापासून आहेत.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण गीतरामायण. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन गीते झाली. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन झाली. रेडिओ घरटी नव्हता. ज्याच्याकडे असे त्याच्या ओटीवर आळी जमत असे आणि लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. पुढे ते बाबूजींच्या आवाजात तबकड्यांच्या संचातही आले. दुसरे उदाहरण तर आपल्या जिल्ह्याशीच जोडलेले. रायगडावरच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली निघालेली 'शिवकल्याण राजा' ही तबकडी. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लताबाईंचा आवाज आणि गाण्यांच्या मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. समर्थ रामदास, कविराज भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे वेगवेगळ्या काळातले कवी एका सूत्रात ओवलेले. म्हसळा पूर्वी जंजिरा संस्थानात. सिद्दीच्या मुलखात बसून शिवरायांची तबकडी ऐकायची, शेजारी चाचा मान डोलावत आहेत, ही मजा पुण्याच्या दिवाणखान्यात नाही!

आता मुद्द्यावर येतो. ही तबकडी लागली की एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. गाणे चालू असताना सगळे सारखेच रंगतात. मांडीवर ठेका धरलेला, डोळे मिटलेले. गाणे संपून निवेदन सुरू झाले की मात्र मंडळींचे दोन गट पडतात. काही जण तसेच शांत बसलेले. दोघे-तिघे पुढे झुकतात, कानामागे हात नेतात, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि हळूच विचारतात, "काय म्हणाले?" कुणी सांगण्यापूर्वी पुढचे वाक्य निघून गेलेले असते. एक आजोबा तर निवेदन आले की पानाचा डबा उघडत. सगळ्यांना वाटे, त्यांना बोलणे आवडत नाही, गाणेच आवडते. खरी गोष्ट अशी की त्यांना बोलणे कळतच नव्हते.

असे का होते? आपल्या आतल्या कानात शंखासारखा गुंडाळलेला एक अवयव असतो. त्यात जन्मतः सुमारे १५ ते १६ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डुलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. केस पांढरे होतात त्यावर कलप आहे, यावर नाही. आणि वयाबरोबर पहिल्यांदा जातात त्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या, म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी. तबल्याचा डग्गा, पेटीचा खर्ज, माणसाच्या बोलण्यातले 'आ', 'ओ' हे सगळे खालच्या पट्टीतले. ते ऐकू येत राहतात. पण स, श, थ, फ, च ही व्यंजने वरच्या पट्टीत आणि मुळात हळू. ती आधी गळतात. वाक्यातला स्वर पोहोचतो, व्यंजन पोहोचत नाही. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "ऐकू येते रे, कळत नाही." ते शब्दशः खरे असते. गाणे मात्र पन्नास वर्षे पाठ असते, त्यामुळे गळलेली अक्षरे मेंदू स्वतःच भरून घेतो. निवेदन पाठ नसते, तिथे पितळ उघडे पडते.

पत्रलेखकाच्या वडिलांचे 'ओरडतोस कशाला' हेही याच दुखण्याचे लक्षण आहे. केसपेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच, किंबहुना जास्त टोचतात. 'ऐकू आले नाही' आणि 'कानठळ्या बसल्या' यांमधले अंतर कमी होऊन जाते. तेव्हा हा हट्टीपणा नाही. अशा माणसाशी ओरडून बोलू नये. समोर यावे, तोंड दिसेल असे उजेडात बसावे आणि सावकाश, नेहमीच्या आवाजापेक्षा किंचित वर बोलावे.

बहिरेपणाला आपण थट्टेचा विषय केला आहे. नाटकांतून, विनोदांतून बहिरा म्हातारा हमखास हशा मिळवतो. आंधळ्याला कोणी हसत नाही. म्हणून माणूस ते लपवतो आणि लपवण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणणे. या 'हो'ने किती घोटाळे होतात ते दवाखान्यात बसल्यावर कळते. एका आजींना त्यांची सून घेऊन आली. "सासूबाई हल्ली भ्रमिष्टासारखे करतात, विचारावे एक, सांगतात भलतेच. मुलगा आखाती देशातून फोन करतो, त्याला सगळ्याला हो म्हणतात आणि ठेवल्यावर म्हणतात, कोणाचा फोन होता?" घरच्यांनी मनाशी ठरवूनच टाकले होते की डोके गेले. गाण्यांची भारी आवड असलेली ही बाई ओटीवर यायची बंद झाली होती. तिला आता कशातच रस नाही, असे सगळे म्हणत. मी त्यांना गोळी दाखवून म्हटले, "ही सकाळी अर्धी." त्या म्हणाल्या, "हो." मी म्हटले, "आता तुम्ही मला सांगा, केव्हा घ्यायची?" त्या नुसत्या हसल्या. मग तेच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. त्यांनी वाचले आणि घडाघडा बोलू लागल्या, गोळीविषयी चार शहाणे प्रश्नही विचारले. डोके जागच्या जागी होते. दोन्ही कानांत मळाचे खडे होते आणि त्यामागे वयाचा बहिरेपणा. मळ काढून थोडा फरक पडला, उरलेल्यासाठी मुंबईला तपासणी होऊन यंत्र बसले. सगळे पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. गर्दीत त्यांना अजूनही कळत नाही. पण फोन कोणाचा ते कळते.

प्रत्येक विसराळूपणा कानामुळे असतो असे नव्हे. स्मृतिभ्रंश हा खरा आजार आहे. पण कान आणि मेंदू यांचे नाते किती जवळचे आहे ते अलीकडच्या वर्षांत पुढे आले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत ऐकू कमी येणे हे सर्वांत मोठ्या दोन कारणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल. कारण सरळ आहे. अर्धवट आलेला शब्द जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, आणि संभाषण जमेना की माणूस माणसांत जायचे टाळतो. २०२३ साली अमेरिकेत सत्तरीपुढच्या ९७७ लोकांवर तीन वर्षे चाललेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रवणयंत्रामुळे सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. आणि एकटेपणा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. आपल्या तालुक्यात ज्या घरांत दोन म्हातारी माणसे आणि पंधरा खोल्या आहेत, तिथे हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, गाणी तर मोबाईलवर फुकट मिळतात, त्यासाठी जमायचे कशाला? माझे मत असे आहे. कानाने अधू माणसाला गप्पांचा अड्डा ही शिक्षा असते. चौघे एकदम बोलतात, विषय बदलतो, तो मागे राहतो. तबकडी ऐकताना मात्र कोणीच बोलत नाही. उत्तर द्यावे लागत नाही, 'हो, हो' करावे लागत नाही आणि तरी माणूस माणसांत असतो. असा सहवास दुसरीकडे कुठे मिळतो ते सांगा. भजनात मिळतो, पण तिथेही गावे लागते. शिवाय मोबाईलवर गाणे आवडले नाही की बोटाने पुढे सरकवता येते. इथे एक अख्खी बाजू सगळ्यांनी मिळून ऐकायची असते, चाचांची कव्वाली आवडो न आवडो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने सुरेश चांदवणकर आदी संग्राहकांच्या पुढाकाराने अशी श्रवणसत्रे चालवली आणि जुन्या तबकड्यांची गोडी पुष्कळांना लावली. त्यासाठी संस्थाच हवी असे नाही. एक ओटी पुरते.

तबकडीचा आणखी एक गुण आमच्या मधुमेही मंडळींसाठी. वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपते आणि कोणाला तरी उठून ती उलटावी लागते. मी यजमानांना सांगून ठेवले आहे, एकाने नाही, सगळ्यांनी उठायचे. अंगणात एक फेरी मारायची. सलग दोन तास मांडी घालून बसले की पोटरीतले रक्त साचते, पाय सुजतात, साखरही वाढते. लाँगप्ले निघाली तेव्हा हा विचार कोणी केला नसेल!

गाण्याने ब्लडप्रेशर उतरते का, हे मला नेहमी विचारतात. मन शांत होते, धास्ती कमी होते. शस्त्रक्रियेपूर्वी गाणे ऐकवलेल्या रुग्णांत भीती कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्या वेळी दाबही थोडा खाली येतो. पण ते तेवढ्यापुरते. भीमसेनजींच्या अभंगवाणीच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

आवाज किती ठेवावा? साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकले तर चालते. ९० वर गेले की ही मुदत आठवड्याला जेमतेम ४ तास आणि १०० वर फक्त २० मिनिटे. लग्नातल्या आणि मिरवणुकीतल्या डीजेसमोर उभे राहणाऱ्या तरुणांनी हा हिशेब स्वतःच करावा. म्हातारपणी जे कान जायचे ते तिशीतच घालवून घेण्याची सोय आता झाली आहे, आणि कानांत बोंडे घालून फिरणाऱ्या मुलांना ओटीवरची मंडळी बहिरी म्हणून हसायला येते. ओटीवर साधी खूण पाळावी. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला की तबकडी जास्त मोठी आहे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी आवाज वाढवू नये, त्यांना कर्ण्याजवळ बसवावे. सिमेंटच्या, फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. कौलारू छप्पर, जमिनीवर सतरंज्या, भिंतीला चार गोधड्या असल्या की निवेदन बरेच स्पष्ट होते. घरघरणारा पंखा तेवढा वेळ बंद ठेवावा.

दम्याच्या रुग्णांनी एक पथ्य पाळावे. आपल्या पावसात रेकॉर्डींच्या पुठ्ठ्यांना बुरशी धरते. पेटी उघडली की तिचा भपकारा नाकात जातो आणि रात्री धाप लागते. पेटी अंगणात, कोरड्या दिवशी, तोंडाला फडके बांधून साफ करावी आणि दम्याच्या माणसाने त्या कामाला हात लावू नये. एका गृहस्थांनी रेकॉर्डी पुसायला माझ्याकडे स्पिरिट मागितले होते. मी दिले नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला ते लावले तर गाणे बोळ्यावर येईल. उलट चावीच्या फोनोवर व्हायनिलची तबकडी लावू नये, त्याची जड पोलादी सुई खाचा उकरून टाकते. चावीच्या फोनोचे एक मात्र मानले पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-म्हसळा भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टीव्ही बंद, मोबाईल बंद. त्या दिवसांत घरात वाजू शकणारे ते एकच यंत्र होते.

कानाच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय नकोत. आगपेटीची काडी, केसातली पिन, किल्ली यांनी मळ निघत नाही, आत ठासला जातो. कोमट खोबरेल तेल ओतण्याची आपली जुनी चाल तर पावसाळ्यात फारच वाईट. दमट हवेत कानात बुरशी वाढते, खाज सुटते, पडद्याला भोक असेल तर पू होतो. कान घरी तपासायचा असेल तर असे करावे. माणसाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगावे आणि दुसऱ्या कानाच्या बाजूने कुजबुजत तीन गोष्टी म्हणाव्यात, जसे 'पाच, स, नऊ'. दोन-तीनदा करूनही निम्म्याहून अधिक चुकले तर ऑडिओमेट्री करून घ्यावी. यात दुखत नाही, सुई नाही. वडिलांना 'तुमचे कान तपासू या' असे म्हटले तर ते येणार नाहीत. ब्लडप्रेशर आणि साखरेच्या तपासणीबरोबर हेही उरकू या, असे म्हणून न्यावे.

एका गोष्टीत मात्र एक दिवसही दवडू नये. एका कानाने ऐकू येणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेले, तर तो मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झाले तर ऐकू येणे परतण्याची आशा असते, महिन्याने जवळजवळ नसते.

यंत्राचा खर्च ही खरी अडचण आहे. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना २०१७ पासून केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रे देण्याची तरतूद आहे. शिबिरांची चौकशी तहसील आणि समाजकल्याण कार्यालयात करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. पोस्टाने मागवलेले किंवा शेजाऱ्याचे जुने यंत्र लावू नये. चष्म्याप्रमाणे यंत्रही ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने लावायचे असते. पहिल्या दिवशी ते लावल्यावर भांड्यांचा आणि पाऊलवाटेवरच्या पाचोळ्याचाही गोंगाट वाटतो आणि बरेच जण ते खणात टाकून देतात. रोज दोन-तीन तासांपासून सुरुवात करून काही आठवडे द्यावेत. गाणे यंत्रातून थोडे पत्र्यासारखे ऐकू येते, कारण ते बोलण्यासाठी जुळवलेले असते. बसवून घेतानाच सांगितले तर गाण्यासाठी वेगळी जुळणी करून देता येते. आणि आपल्या हवेत रात्री ते उघड्यावर ठेवू नये. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी येते ती टाकून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे आणि सेल काढून ठेवावा.